सुरुंगानं कान बसला तर पहिल्या तीन दिवसांत काय करावं

खानदेशात उन्हाळा लागला की विहिरी खोल करायची कामं निघतात. खाली काळा पाषाण, म्हणजे सुरुंग आलाच. त्याचा दणका विहिरीच्या भिंतींवर आपटत वर येतो आणि काठावर वाकून बघणाऱ्याच्या कानावर बसतो.

आधी श्वास बघा. धाप लागली असेल किंवा खोकल्यातून रक्त पडत असेल तर कानाचं नंतर, थेट दवाखाना गाठा. कानातून रक्त आलं तर बाहेरचं तेवढं पुसा, आत काडी घालू नका. कुणी लसणाचं कोमट तेल घेऊन आलं तर त्याचा हात धरा. पडदा फाटलेला असेल तर ते तेल थेट मधल्या कानात उतरतं आणि कान वाहायला लागतो. मेडिकलमधून आणलेले थेंबही नकोत, जेंटामायसिनसारखी औषधं आतल्या कानाला इजा करू शकतात. आंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशीच ठेवा. नाक जोरात शिंकरू नका.

एकाच कानाला कमी ऐकू येत असेल तर घरी एक तपासणी करता येते. ओठ मिटून 'म्ऽऽ' असं गुणगुणा. आवाज बसलेल्या कानात जास्त घुमला, तर बिघाड बहुधा पडद्याचा किंवा कानातल्या बारीक हाडांचा. चांगल्या कानात घुमला, तर नसेचा संशय धरा आणि त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. जळगाव, धुळे, नंदुरबारला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. नसेच्या इजेवर बहुतेकदा स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. त्या जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं, दोन आठवडे उलटल्यावर फारसा उपयोग होत नाही. मधुमेह असेल तर आधीच सांगा, या गोळ्यांनी साखर वाढते. गरगरत असेल किंवा तोंड वाकडं झालं असेल तर एक तासही थांबू नका.

पडद्याचं लहान भोक बहुधा दोन-तीन महिन्यांत आपोआप भरतं. तरीही ते भरल्याचं डॉक्टरांकडून बघून घ्या, कारण कधीकधी कडेची कातडी आत वाढते आणि हाड खाते.

'आता येतंय ऐकू' म्हणून ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावरची ऐकण्याची तपासणी, टाळू नका. नुकसान बहुधा ३००० ते ६००० हर्ट्झच्या उंच आवाजात होतं, त्यामुळे बोलणं कळतं पण 'स' निसटतो. फोनवर 'साठ' म्हटलेलं 'आठ' ऐकू येतं. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

पुढच्या सुरुंगाआधी काठापासून लांब जा आणि फोमचे बोळे घाला. कापूस किंवा कानाला गुंडाळलेला रुमाल पुरत नाही. बोळा बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि फुगेपर्यंत ३० सेकंद बोटानं दाबून धरा. नीट बसला असेल तर स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा येतो. तसा आला नाही तर काढून परत घाला.