धावण्याचे वार्षिक ध्येय ठरवताना या चुका टाळा

जानेवारीत ठरवलेले धावण्याचे ध्येय मार्चपर्यंत बारगळले की दोष बहुधा स्वतःच्या चिकाटीला दिला जातो. माझ्या मते खरी चूक त्याआधीच, ध्येय ठरवताना झालेली असते. आपण सध्या किती धावतो हे न पाहताच किती धावायला आवडेल याचा आकडा ठरतो आणि वर्षभराचा सराव त्या आकड्यामागे फरफटत जातो.

वर्षाला १००० किलोमीटर धावण्याचा लोकप्रिय संकल्प घ्या. ५२ आठवड्यांनी भागल्यास आठवड्याला जेमतेम १९ किलोमीटर येतात आणि ते सहज जमेल असे वाटते. मात्र या भागाकारात आजारपण, प्रवास, कामाची गर्दी आणि मुद्दाम घ्यायची विश्रांती यांना जागाच ठेवलेली नसते. समजा, पहिल्या १३ आठवड्यांत २५० ऐवजी १५० किलोमीटरच झाले, तर उरलेल्या ३९ आठवड्यांसाठी सरासरी जवळपास २२ किलोमीटरवर जाते. म्हणजेच आतापर्यंत आठवड्याला साडेअकरा किलोमीटर धावणाऱ्याला एकदम दुपटीच्या आसपास धावावे लागते, आणि दुखापती नेमक्या अशा भरपाईच्या काळात उद्भवतात. दम काही आठवड्यांत वाढतो, परंतु हाडे आणि कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट पट्टे) यांना वाढीव भाराची सवय होण्यास त्याहून बराच अधिक काळ लागतो. म्हणूनच दम पुरतो आहे एवढ्या भरवशावर अंतर वाढवणारा नवा धावपटू नडगीच्या किंवा टाचेच्या दुखण्याने घरी बसतो. हुकलेले किलोमीटर सोडून द्यावेत आणि वार्षिक आकडाच खाली आणावा. तसे करणे मनाला लागते, हे खरे, पण वर्षाचे नऊ महिने अजून हातात असतात.

आठवड्याचे अंतर आधीच्या आठवड्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, हा नियम सर्रास सांगितला जातो. तो ढोबळ मार्गदर्शक म्हणून ठीक आहे, मात्र त्याला दुखापतीपासूनची हमी समजू नये. नेदरलँड्समध्ये नवोदित धावपटूंवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, या नियमाच्या आधारे हळूहळू अंतर वाढवणाऱ्या गटात दुखापतींचे प्रमाण नेहमीच्या कार्यक्रमानुसार धावणाऱ्या गटापेक्षा कमी आढळले नाही. त्यामुळे टक्केवारीपेक्षा शरीर काय सांगते ते पाहणे आणि दोन-तीन आठवड्यांच्या वाढीनंतर एक आठवडा मुद्दाम हलका ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

दुसरी मोठी चूक वेळेच्या ध्येयाची. चार तासांच्या आत मॅरेथॉन, हे ध्येय केवळ आकडा गोल आहे म्हणून निवडले जाते, त्यासाठी ४२.१९५ किलोमीटरभर प्रत्येक किलोमीटर सुमारे ५ मिनिटे ४१ सेकंदांत धावावा लागतो, हा हिशेब मात्र नंतर होतो. अमेरिकन अभियंता पीट रीगेल यांनी १९७७ मध्ये मांडलेले सूत्र येथे उपयोगी पडते. ज्ञात वेळेला नव्या आणि जुन्या अंतराच्या गुणोत्तराच्या १.०६ व्या घाताने गुणले की नव्या अंतराला लागणाऱ्या वेळेचा अंदाज मिळतो. १० किलोमीटर ६० मिनिटांत धावणाऱ्याला या हिशेबाने हाफ मॅरेथॉनसाठी सुमारे २ तास १२ मिनिटे आणि मॅरेथॉनसाठी सुमारे ४ तास ३६ मिनिटे लागतील. आठवड्याचे अंतर कमी असल्यास मॅरेथॉनचा हा अंदाजही फारच आशावादी ठरतो. तेव्हा आधी सध्याच्या ताकदीनिशी एक १० किलोमीटर धावून पाहावे आणि मगच वेळेचे ध्येय लिहावे.

वेळ सुधारायची म्हणून रोज जोरात धावणे ही याच चुकीची पुढची पायरी. सरावाचा बहुतांश भाग पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्या संथ गतीने व्हायला हवा. महिनोन्महिने वेळ जागची हलत नसेल, तर अधिक मेहनत घेण्याआधी संथ दिवस खरोखर संथ आहेत का, हे तपासावे.

एकाच वर्षात अंतर वाढवणे, वेग वाढवणे आणि वजन घटवणे ही तिन्ही ध्येये एकत्र बांधू नयेत. कमी खाऊन अधिक धावणाऱ्याची झीज भरून निघत नाही आणि त्यातून हाडाला सूक्ष्म तडा जाण्याचा धोका वाढतो. अंग आखडणे किंवा पोटऱ्या भरून येणे दोन दिवसांच्या विश्रांतीने सहसा निवळते. परंतु हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल आणि धावताना ते वाढत जात असेल, तर धावणे तत्काळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे आणि त्या तिमाहीचे ध्येय खोडून टाकावे.