जुन्या एसयूव्हीचे स्पीकर बदलताय? आधी दार समजून घ्या आणि या चुका टाळा

दर जुलैत एखादी तरी गाडी माझ्याकडे अशी येते, जिचं पुढचं कार्पेट ओलंचिंब असतं. मालक सांगतो, "पुढच्या काचेचं रबर गेलंय, तिथून पाणी झिरपतंय." मी आधी एकच विचारतो, "स्पीकर कधी बदलले?" तो जरा गोंधळतो. "मार्चमध्ये. पण त्याचा काय संबंध?"

संबंध आहे, आणि तो सांगायलाच हे लिहितोय. पुण्यात धायरीला माझं छोटं वर्कशॉप आहे. डस्टर, इकोस्पोर्ट, पहिल्या पिढीची ब्रेझा, टीयूव्ही 300 अशा आठ-दहा वर्षं वापरलेल्या गाड्या माझ्याकडे जास्त येतात. इंजिन ठणठणीत असतं, गाडी विकायची नसते, पण कंपनीचे स्पीकर आता फाटल्यासारखे वाजतात. मग ते बदलावेसे वाटणं साहजिक आहे. चूक होते ती घाईत. लोक पंधरा दिवस व्हिडिओ बघून कुठला ब्रँड घ्यायचा ते ठरवतात, पण ज्या दारात तो बसणार त्या दाराकडे पंधरा मिनिटंही बघत नाहीत. घरातल्या स्पीकरला लाकडी खोका असतो. गाडीत दार हाच तो खोका.

प्लॅस्टिकचा तो कागद

दाराचं आतल्या बाजूचं पॅड काढलं की आत प्लॅस्टिकचा किंवा पातळ फोमचा एक कागद दिसतो. काळ्या चिकट ब्युटाइलच्या पट्टीने तो पत्र्याला चिकटवलेला असतो. बघणाऱ्याला वाटतं, धूळ बसू नये म्हणून लावला असेल. प्रत्यक्षात पावसाचं पाणी आणि तुमचे पाय यांच्यामध्ये तेवढी एकच भिंत असते.

प्रत्येक गाडीच्या दारात पाणी जातं. काचेला लागून असलेली रबरी पट्टी थोडंफार पाणी अडवते, बाकीचं काचेवरून ओघळत थेट दाराच्या पोटात उतरतं. गाडी बनवणाऱ्यांनी हे धरूनच चाललेलं असतं. म्हणून दाराच्या अगदी खालच्या कडेला भोकं ठेवलेली असतात आणि पाणी तिथून रस्त्यावर जातं. कागदाच्या पलीकडे ओलं, अलीकडे कोरडं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कर्वेनगरचे एक काका डस्टर घेऊन आले. आदल्या रविवारी घरच्यांना घेऊन ताम्हिणीला गेले होते आणि येताना काकूंच्या चपला पाण्यात होत्या, गाडीच्या आत. त्याआधी दोनदा त्यांनी पुढच्या काचेला सिलिकॉन भरून घेतलं होतं. मी कार्पेटचा कोपरा उचलून खालचा नमदा दाबला, तर स्पंज पिळावा तसं पाणी आलं. डाव्या दाराचं पॅड काढलं. कागदाला ब्लेडने उभी-आडवी चीर दिलेली होती, अर्धा कागद आत लोंबत होता आणि उरलेला तपकिरी पॅकिंग टेपने चिकटवलेला. टेप केव्हाच सुटली होती. स्पीकरखाली एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळीची, रिंग होती. ती चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगली होती, नखाने भुगा निघत होता. स्पीकरच्या पितळी टोकांवर हिरवं चढलं होतं. स्पीकर चार महिन्यांचा होता, चांगल्या कंपनीचा, आणि काकांनी त्याला आठ हजार मोजले होते.

ज्याने कुणी ते काम केलं, त्याची दहा मिनिटं वाचली होती. कागद नीट सोडवायला तेवढाच वेळ लागतो.

माझी पद्धत सांगतो. ब्युटाइल थंड असताना ओढायचं नाही. हेअर ड्रायरने हलकं गरम करायचं, वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची आणि चिकट पट्टीतून मासेमारीची नायलॉनची दोरी फिरवत जायचं. कागद अखंड निघतो. शक्यतो पूर्ण काढायचाच नाही, लागेल तेवढा सोडवून बाजूला टेपने अडकवून ठेवायचा. आधीच फाटलेला असेल तर जाड प्लॅस्टिक घ्या, जुन्या कागदावर ठेवून त्याच मापाने कापा आणि नवीन ब्युटाइलची दोरी लावा. फेव्हिक्विक, पॅकिंग टेप, सेलोटेप यातलं काहीही तिथे पहिला पाऊस झेलत नाही. कागदाची खालची कड दाराच्या पोटात झुकलेली हवी, म्हणजे त्याच्यावरून आलेलं पाणी दारातच परत पडतं. ती कड बाहेर राहिली तर तुम्ही हाताने पन्हाळ करून पाणी कार्पेटवर सोडलंत असं समजा.

आणि पॅड लावायच्या आधी काच बंद करून बाहेरून चार-पाच तांबे पाणी ओतायचं. आतून टॉर्च मारून बघायचं. एप्रिलचं कडक ऊन असलं तरी मी हे सोडत नाही. गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत असलं तरीही.

कंपनीच्या बऱ्याच स्पीकरला मागे प्लॅस्टिकची टोपी किंवा ओठ असतो, वरून पडणारं पाणी अडवायला. बाजारातल्या स्पीकरला तो नसतो. म्हणून भोकाच्या वर, आतल्या बाजूने, मी ब्युटाइल शीटचं बोटभर छप्पर काढतो. रिंग एमडीएफची वापरू नका. प्लॅस्टिकची मिळते. लाकडाचीच करायची असेल तर वॉटरप्रूफ प्लाय घ्या आणि कापलेल्या कडांना व्हार्निशचे दोन हात द्या. रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी हवीच. तिथे फट राहिली की स्पीकरच्या मागचा आवाज पुढे येऊन पुढच्या आवाजाला खातो आणि बेस जातो.

डॅम्पिंगचं, म्हणजे पत्र्याची थरथर कमी करण्याचं, थोडक्यात सांगतो. गच्चीची गळती बंद करायची डांबरी टेप दारात लावू नका. उन्हाळ्यात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि उन्हात बंद असलेल्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो. डांबर ओघळतं, गाडीभर वास राहतो आणि काचेची यंत्रणा बरबटते. ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेली 2 मिलिमीटरची ब्युटाइल शीट घ्या, पत्रा स्पिरिटने पुसा आणि शीट रोलरने दाबून बसवा. बाहेरचा पत्रा पूर्ण झाकायची गरज नाही, निम्मा झाकला तरी दार टकटक न वाजता धप्प वाजतं. फक्त खालची पाणी जायची भोकं बुजवू नका. दार लावताना आत खळखळ ऐकू आली तर ती बुजली आहेत.

बेस गेला म्हणजे स्पीकर नकली नसतो

ही दुसरी चूक. हिच्यावर मी जितका वेळ घालवलाय, तितका दुसऱ्या कशावर नसेल.

नऱ्ह्याचा एक इंजिनीअरिंगचा विद्यार्थी वडिलांची इकोस्पोर्ट घेऊन आला. चारही स्पीकर स्वतः बसवले होते आणि काम तसं स्वच्छ होतं. पण चेहरा पडलेला. "दादा, तपकीर गल्लीतून घेतलेत, डुप्लिकेट दिलेत. जुन्यात होता तेवढाही बेस नाही. आत्ताच जाऊन भांडणार आहे." मी म्हटलं, पाच मिनिटं थांब. गाडीत बसलो, ढोलकीचा तुकडा लावला. थाप ऐकू येत होती, पण खालचा घुमारा नव्हता. पोकळ, डोक्याच्या आजूबाजूला पसरलेला आवाज. मग बॅलन्स पूर्ण उजवीकडे नेला. घुमारा आला. पूर्ण डावीकडे नेला, तिथेही आला. मध्यावर आणला की गायब.

एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी झाली की हेच होतं. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, एक हवा ढकलतो आणि दुसरा ओढतो, आणि खालचे सूर एकमेकांना मारतात. बारीक आवाज वाजत राहतात, त्यामुळे बिघाड आहे हे कळत नाही, स्पीकर भिकार आहे असंच वाटतं. बॅलन्स फिरवून बघायला खर्च शून्य आहे. विविध भारतीवर निवेदक बोलत असेल तेव्हाही बघता येतं. आवाज डॅशबोर्डच्या मधोमध, एका जागी यायला हवा. दोन्ही कानांत वेगवेगळा, कुठूनही न आल्यासारखा वाटला तर वायर उलटी आहे.

त्या मुलाने वायरींच्या रंगावर भरवसा ठेवला होता. पुढच्या दोन दारांत आणि मागच्या दोन दारांत रंग वेगळे असतात, कंपनीगणिक तर बदलतातच. रंगावर जाऊ नका. जुना स्पीकर काढायच्या आधी त्याच्या कपलरच्या (वायर जोडायच्या प्लॅस्टिकच्या खाचेच्या) दोन पिनांना 1.5 व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. पडदा बाहेर उडाला की सेलची प्लस ज्या पिनेला आहे ती प्लस. मार्करने खूण करा. नवीन स्पीकरलाही हीच चाचणी घ्या. ट्विटरवर, म्हणजे बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरवर, मात्र हा प्रयोग नको.

त्याच्या डाव्या दारातल्या दोन पिना बदलल्या, दहा मिनिटांचं काम. परत ढोलकी लावली तेव्हा मागच्या सीटवर ठेवलेली त्याची बॅग थरथरली. भांडायला जायचं राहिलं ते बरंच झालं. दुकानदाराचा माल खरा होता.

वायर कापू नका

कंपनीचा कपलर कापून वायरी पिळायच्या आणि काळी टेप गुंडाळायची, हे बघितलं की मला त्रास होतो. उन्हाने त्या टेपचा गोंद पातळ होतो, टेप सरकते, उघडी तार पत्र्याला टेकते. कंपनीच्या म्युझिक सेटमध्ये स्पीकरची मायनस म्हणजे बॉडीची अर्थ नव्हे. दोन्ही तारांवर सेट व्होल्टेज देत असतो. त्यातली कुठलीही बॉडीला टेकली की सेटमधला ॲम्प्लिफायरचा आयसी (चिप) जाऊ शकतो, आणि मग शे-दोनशे वाचवायच्या नादात अख्खा सेट बदलायची पाळी येते. गाडीच्या मॉडेलचा जोडकपलर नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारा. नाहीच मिळाला तर जुन्या स्पीकरचा प्लॅस्टिकचा तुकडा पिनांसकट कापून वापरा, सोल्डर करा आणि श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

खोक्यावरचे वॅट वाचून स्पीकर घेऊ नका. मोठ्या अक्षरांतला आकडा क्षणभराच्या कमाल झटक्याचा असतो. आरएमएस, म्हणजे सलग झेलता येणारे वॅट बघा, आणि त्याहून आधी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटला किती आवाज निघतो ते बघा. बाहेरचा ॲम्प्लिफायर नसेल तर गाडीतला सेट, त्याच्यावर 50 वॅट लिहिलेलं असलं तरी, एका स्पीकरला सलग खरे 15 ते 20 वॅटच देतो. 14.4 व्होल्टमधून 4 ओहमच्या स्पीकरला त्याहून फार काही निघतच नाही. सेन्सिटिव्हिटी 3 डेसिबलने कमी असलेल्या स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वॅट लागतात. म्हणून नुसत्या सेटवर चालवायचे असतील तर मी 90 डेसिबलच्या पुढचेच देतो. जड पडद्याचे महागडे स्पीकर सेटवर लावले की ते झोपलेले वाटतात, मालक आवाज शेवटापर्यंत नेतो, सेट फाटतो आणि त्या फाटलेल्या सिग्नलने बिचारा ट्विटर जळतो.

ट्विटरवरून आठवलं. कंपनीच्या ट्विटरला मागे एक छोटा कपॅसिटर असतो, तो खालचे सूर अडवतो. तो काढून नवा ट्विटर नुसता वायरीला जोडला तर एका संध्याकाळी जातो.

स्पीकर आत किती खोल बसेल ते मोजताना काच पूर्ण खाली घ्या. वर असताना मोजलेल्या मापाचा उपयोग नाही. मॅग्नेट काचेला लागतो ते पार्किंगची पावती घेताना कळतं.

काही गाड्यांत जुना स्पीकर रिव्हेट मारून बसवलेला असतो. ड्रिल करताना लोखंडाचा कीस उडतो आणि नव्या स्पीकरच्या मॅग्नेटला जाऊन चिकटतो, कॉइलच्या फटीत गेला की कायमची खरखर. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावा, नवा स्पीकर तोवर पिशवीतच ठेवा आणि नंतर व्हॅक्यूम फिरवा.

पॅडच्या क्लिपा जुन्या झाल्या की ठिसूळ होतात, चार-पाच तुटणारच. डझनभर आधीच आणून ठेवा. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, प्लॅस्टिकची पट्टी दोनशे रुपयांत मिळते. इकोस्पोर्टवाल्यांनी तर जास्तच जपावं. फोर्डने 2021 मध्ये इथे गाड्या बनवणं बंद करायचं जाहीर केलं, आता पॅड तडकलं तर जोडीचं मिळवायला फिरावं लागतं.

पिवळ्या कपलरला हात लावायचा नाही. ती एअरबॅगची वायर असते. काम सुरू करण्याआधी बॅटरीची मायनस काढा आणि दहा मिनिटं थांबा. त्याच्याही आधी सेटचा कोड जवळ आहे का बघा. रेनॉच्या जुन्या सेटला बॅटरी काढल्यावर तो लागतो.

पैसे कमी असतील तर मागचे दोन कंपनीचेच राहू द्या आणि सगळा खर्च पुढच्या दोन दारांवर करा. ऐकणारे पुढे बसलेले असतात.

कार्पेट भिजलंच असेल तर वरून पुसून, परफ्यूम मारून सोडून देऊ नका. वरचा थर एका दिवसात वाळतो, खालचा नमदा महिनाभर ओला राहतो आणि त्याच्याखाली पत्रा गंजतो. सीटचे चार बोल्ट काढा, कार्पेट दुमडा, नमदा वेगळा करून पिळा. जुलैत ऊन मिळत नाही, तेव्हा गाडी शेडमध्ये घेऊन टेबल फॅन लावून ठेवा. सीटच्या खालच्या कपलरला धक्का लागू देऊ नका, तिथेही पिवळे असतात. काकांच्या डस्टरला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी पत्र्यावर हात फिरवून बघितला, कोरडा लागला, मगच कार्पेट बसवलं.