ग्लासगोत गाडी बदलताना तीन तास मिळाले तर

तीनच तास असतील तर केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालयाचा मोह आवरा. ते पश्चिमेला लांब आहे. जाण्यायेण्यात वेळ जातो आणि आतलं काहीच धड पाहून होत नाही. त्याऐवजी पूर्वेकडचं कॅथीड्रल आणि त्याच्या मागच्या टेकडीवरचं नेक्रोपोलिस, म्हणजे जुनी दफनभूमी, पायी पाहा. दोन्हीकडे प्रवेश मोफत आहे.

आधी पुढची गाडी कुठून सुटते ते तपासा. लंडनच्या गाड्या सेंट्रलहून सुटतात. ओबान, फोर्ट विल्यम आणि एडिनबराच्या बहुतेक गाड्या क्वीन स्ट्रीटहून. दोन्ही स्थानकं एकमेकांपासून पायी दहा मिनिटांवर आहेत, त्यामुळे ऐनवेळी घोटाळा कळला तर गाडी चुकते.

निघताना रॉयल एक्स्चेंज स्क्वेअरवरून जा. तिथल्या घोड्यावरच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या पुतळ्याच्या डोक्यावर रस्त्यावरचा नारिंगी शंकू असतो. पुतळा 1844 चा. दोन मिनिटं पुरेत. मग जॉर्ज स्ट्रीटने सरळ पूर्वेला चाला, हाय स्ट्रीट लागला की डावीकडे वळून चढ चढा. चढावरच एका इमारतीच्या भिंतीवर बोटावर रॉबिन पक्षी घेतलेला माणूस रंगवला आहे. हा शहराचा संत मंगो, आजच्या कपड्यांत. कॅथीड्रलपर्यंत साधारण वीस मिनिटं लागतात.

कॅथीड्रलला चाळीस मिनिटं द्या. रविवारी सकाळी उपासना असते, तेव्हा दुपारनंतर जा. बरेच लोक वरचं लाकडी छत पाहून परततात आणि खरी जागा हुकते. ही वास्तू मोलेंडिनार ओढ्याकडे उतरणाऱ्या जमिनीवर बांधली आहे. पूर्वेकडचा भाग वरच्या पातळीला आणण्यासाठी त्याच्याखाली आणखी एक चर्च उभारावं लागलं. पायऱ्या उतरून तिथे जाच: दाट खांबांच्या मधोमध मंगोची समाधी आहे. 1560 च्या धर्मसुधारणेत स्कॉटलंडमधली कितीतरी मोठी चर्च उद्ध्वस्त झाली. हे जवळजवळ शाबूत राहिलं, म्हणून इतक्या जुन्या बांधकामाची एवढी सलग रचना इथे पाहायला मिळते.

बाहेर पडून पुलावरून नेक्रोपोलिसमध्ये शिरा. तो ओढा आता पुलाखालच्या रस्त्याच्या पोटात बंदिस्त आहे. ही दफनभूमी 1833 ची, पण माथ्यावरचा धर्मसुधारक जॉन नॉक्सचा स्तंभ 1825 चा, म्हणजे तिच्याही आधीचा. वर जाताना वळणाची वाटच धरा. गवतावरून आडवं चढलात तर ओल्या उतारावर पाय घसरतो, शिवाय जुनी थडगी कललेली आहेत. वारं दक्षिणेकडून असलं तर शेजारच्या बिअरच्या कारखान्यातल्या माल्टचा वास येतो. डिसेंबरात पावणेचारलाच सूर्य मावळतो, तेव्हा टेकडी आधी करा आणि कॅथीड्रल नंतर.

परतताना पाऊस लागला तर हाय स्ट्रीट स्थानकावरून लोकल घ्या. पुढचंच स्थानक क्वीन स्ट्रीट. मात्र ही गाडी जमिनीखालच्या फलाटावर थांबते, आणि एडिनबराच्या बहुतेक गाड्या वरच्या फलाटांवरून सुटतात. वर जायला पाच मिनिटं हाताशी ठेवा.