गावचं रेशन पुण्यात कसं उचलावं

आमच्या वस्तीतल्या धुणीभांडी करणाऱ्या निम्म्या बायका "कार्ड गावाकडं आहे, इथं कोण देतंय?" म्हणत वाण्याकडून तांदूळ आणतात. पाच जणांचं प्राधान्य कार्ड (कमी उत्पन्नाच्या घरांचं) असेल तर महिन्याला 25 किलो धान्य मिळतं, तेही जानेवारी 2023 पासून फुकट. बाहेर 40 रुपये किलो धरला तरी 1000 रुपये झाले. म्हणजे एका घरची भांडी महिनाभर फुकट घासल्यासारखं. "आधी गावचं नाव कमी करून आणा" असं सांगणारा एजंट भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. नाव कमी करायची गरजच नाही.

कार्ड अंत्योदय (सगळ्यात गरीब घरांचं) किंवा प्राधान्यचं हवं, पांढऱ्यावर मिळत नाही. आधार जोडलेलं आणि ई-केवायसी (मशीनवर आधारनं ओळख पटवणं) झालेली असली की कार्डाचा 12 आकडी नंबर घेऊन जवळच्या कुठल्याही रेशन दुकानात जायचं. दुकानदार "बाहेरचं कार्ड चालत नाही" म्हणाला तर त्याच्यासमोरच रेशनच्या 1967 या हेल्पलाइनला फोन लावा. परराज्यातही चालतं, महाराष्ट्र-गुजरातची सोय 2019 च्या ऑगस्टमध्येच सुरू झाली.

आता अंगठा. धान्य घेताना दुकानातल्या मशीनवर ठसा द्यावा लागतो, आणि इथंच सगळं अडतं.

साबण आणि राखेनं आमच्या बोटांच्या रेषाच गेल्यात. मशीन लाल दिवा दाखवतं, मागची रांग ओरडते, आणि कुणीतरी शहाणी म्हणते, "लिंबू चोळ." मी चोळलं. दोन दिवस चिरा झोंबल्या, ठसा काही उमटला नाही. कामावरून थेट जाऊ नका, भिजून सुरकुतलेलं बोट मशीन ओळखत नाही. रात्री झोपताना हाताला खोबरेल लावा, सकाळी कामाआधी जा, बोट कोरडं पुसा. आणि अंगठ्याचाच हट्ट कशाला? आधारला दहाही बोटं दिलेली असतात. माझं डाव्या हाताचं अनामिकेचं बोट पहिल्या फटक्यात लागतं, कारण त्याला घासायचं काम कमी. कुठलंच लागलं नाही तर घरातल्या दुसऱ्या कुणाला न्या, कार्डावर नाव असलेलं कुणीही चालतं. डोळ्याचं मशीन किंवा ओटीपीची सोय आहे का, तेही विचारा. नंतर आधार केंद्रात जाऊन ठसे नव्यानं देऊन या.

ठसा लागला म्हणून हुरळून जाऊ नका. एकदा माझा लागला, आणि दुकानदार म्हणाला, "सर्व्हर गेला, उद्या या." उद्या गेले तर मशीनमध्ये माझं धान्य उचललेलं! तो महिना गेला तो गेलाच. तेव्हापासून बोट ठेवलं की पावती हातात पडेपर्यंत मी काउंटर सोडत नाही. सर्व्हर खरंच गेला असेल तर पावती निघत नाही, निघाली असेल तर धान्य आत्ताच हवं. पावतीवरचे किलो वाचा, मग काट्याकडं बघा. पिशवी घरी नेऊन मोजण्यात अर्थ नाही.

सगळं एकदम उचलायलाच हवं असंही नाही. आमच्या सासूबाई त्यांच्या वाटणीचं गावात घेतात. एकदा न विचारता मी सगळं उचललं, आणि त्या भर उन्हात दुकानातून रिकाम्या हातानं परतल्या. आता एक तारखेला आधी फोन, "आत्या, तुमचं उचललं का?" त्या हो म्हणाल्या की मी पिशव्या काढते.