बाटलीवर बदाम, आत काय?

अंगाला लावायचं तेल घेताना बाटलीवरचं बदामाचं चित्र सोडा, मागची घटकांची यादी वाचा. घटक वजनाप्रमाणे उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले तेवढे कसेही मागेपुढे चालतात. 'पॅराफिनम लिक्विडम' पहिलं आणि 'प्रुनस अमिग्डॅलस' म्हणजे बदाम सुगंधाच्याही मागं असेल, तर तुम्ही मिनरल ऑइल, म्हणजे खनिज तेल घेताय. ते विष नाही. सौंदर्यप्रसाधनाच्या दर्जाचं असेल तर त्वचेला सहसा बाधत नाही, खवटही होत नाही. फक्त त्याला बदामाचा भाव देऊ नका.

नावं लॅटिन, पण बरीचशी तेलं आपल्या घाण्यावरचीच. सेसामम इंडिकम म्हणजे तीळ, कार्थॅमस टिंक्टोरियस करडई, अ‍ॅराकिस हायपोजिया भुईमूग, रिसिनस कम्युनिस एरंडेल.

नेहमीच्या करडईत लिनोलेइक हे मेदाम्ल साधारण ७५ टक्के. त्यामुळे ती हलकी, तेलकट चेहऱ्यालाही चालते; पण लवकर खवटते. जळगावच्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेली बाटली काही आठवड्यांत जुन्या शेंगदाण्यासारखी वास मारू लागते, आणि असं तेल त्वचेला झोंबू शकतं. छोटी, गडद काचेची बाटली घ्या, फ्रिजमध्ये ठेवा. तिळाच्या तेलात सेसामॉलसारखे खवटपणा रोखणारे स्वतःचे राखणदार असतात, म्हणून ते जास्त टिकतं. यादीतलं टोकोफेरॉल म्हणजे ई जीवनसत्त्व. ते खवटपणा लांबवतं, जंतू मारत नाही. म्हणून ओली बोटं बाटलीत घालू नका.

खोबरेल सुमारे २४ अंशांखाली गोठतं. धुळ्याच्या डिसेंबरातल्या पहाटे ते पातळच राहिलं, तर त्यात दुसरं तेल आहे किंवा गोठणारा भाग काढून टाकलाय. यादी पुन्हा बघा. मुरमं येणाऱ्यांनी चेहऱ्याला ते टाळावं. मोहाच्या टोळंबीचं, म्हणजे बियांचं तेल थंडीत घट्ट होतं. टाचांच्या भेगांवर रात्री चोळून मोजे घालायला ते उत्तम.

तेल पाणी देत नाही, असलेलं अडवतं. म्हणून आंघोळीनंतर अंग अर्धवट ओलं असतानाच लावा. चेहऱ्याला तीन-चार थेंब पुरे. उन्हाळ्यात घामोळ्यांवर मात्र अजिबात नको, घामाची तोंडं आणखी बुजतात.

टी ट्री, लिंबू ही सुगंधी तेलं वेगळीच जात. ती नुसती लावायची नाहीत: १० मिली तिळाच्या तेलात एकच थेंब, म्हणजे सुमारे अर्धा टक्का. सालीतून दाबून काढलेलं लिंबाचं तेल लावून उन्हात गेलात तर कातडी भाजू शकते, डाग महिनोन्‌महिने राहतात. खान्देशच्या उन्हात तर ते दिवसा नकोच.

नवं काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला, दिवसातून दोनदा, सात दिवस लावून बघा. एका रात्रीत काही झालं नाही म्हणून चेहऱ्याला फासू नका. अ‍ॅलर्जीची खाज बऱ्याचदा दोन-तीन दिवसांनी सुटते.