बापाची पाळी, पोराची शाळा: खाणपट्ट्यात एमबीएचा प्रकल्प कसा करावा

दिवाळीची सुटी संपली की एमबीएची पोट्टी माझ्याकडे विषयाचा कागद घेऊन येतात. कागदावर बहुधा एकच वाक्य असतं, खाणीचं नाव तेवढं बदलतं: 'अमुक खाणीतील कामगारांच्या नोकरीतील समाधानाचा अभ्यास'. शंभर प्रश्नावल्या, पाच पर्याय, दोन रंगीत पाय चार्ट, आणि निष्कर्ष असा की बहुसंख्य कामगार समाधानी आहेत. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत, कोळसा खाणींच्या पट्ट्यात, व्यवस्थापन शिकवते, माझे वडील डंपर ऑपरेटर होते. खाण कार्यालयात बाबूच्या टेबलासमोर उभं राहून भरलेल्या फॉर्मवर कामगार दुसरं काय लिहिणार बाप्पा?

म्हणून इथे एका विषयाचा आराखडा देते. कामाची जागा आणि मुलाचं शिक्षण, दोन्ही एकाच धाग्यात येतात आणि आपल्या भागात तो धागा घराघरांत आहे: पाळी, म्हणजे ड्युटीची शिफ्ट.

आधी पाळी नीट समजून घ्या. खुल्या खाणी तिन्ही पाळ्यांत (पहिली सकाळची, दुसरी दुपारनंतरची, तिसरी रात्रीची) चालतात आणि बहुतेक ठिकाणी माणसाची पाळी आठवड्याने बदलते. वेळा खाणीगणिक वेगळ्या, त्या गृहीत धरू नका, विचारा. १९५२ च्या खाण कायद्याने जमिनीखाली दिवसाला ८ तास, जमिनीवर ९ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली. तुमच्या प्रबंधात कामाच्या तासांचा भाग इथून सुरू होऊ शकतो. पण घरात पोचणारी गोष्ट तासांची नसते, कोणते आठ तास याची असते. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो, म्हणजे दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये पोरांनी आवाज करायचा नाही. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात पोरगं शाळेतून यायच्या आधी बाप ड्युटीवर गेलेला असतो आणि बाप येतो तेव्हा पोरगं झोपलेलं. सगळे रात्रपाळीलाच शिव्या देतात. माझा अंदाज विचाराल तर अभ्यासाचं जास्त नुकसान दुसरी पाळी करते, कारण संध्याकाळी पुस्तक उघडायला लावणारं माणूसच घरात एक कमी असतं. पण हा अंदाज आहे. तो तपासायला तर तुम्हाला प्रकल्प दिलाय.

आता या विषयातली खरी गंमत बघा. पाळी फिरती असल्यामुळे तुम्हाला दोन वेगळ्या घरांची तुलना करावी लागत नाही. एरवी खाणकामगाराचं मूल आणि शेतकऱ्याचं मूल समोरासमोर ठेवलं की पगार, आईचं शिक्षण, शिकवणी, घर, सगळंच वेगळं निघतं आणि फरक कशाचा ते कळत नाही. इथे तेच मूल, तेच घर, तीच शाळा. बदलते ती बापाची पाळी. मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच. प्रश्न असा लिहा: 'वडिलांच्या दुसऱ्या पाळीच्या व रात्रपाळीच्या आठवड्यांत मुलाची शाळेतील उपस्थिती व गृहपाठ पहिल्या पाळीच्या आठवड्यांपेक्षा कमी असतात का?' लांब आहे, असू द्या. निदान तो मोजता येतो.

मार्क या प्रश्नात घुसडू नका. सहामाहीचे मार्क महिन्यांच्या अभ्यासावर येतात, तेवढ्यात तिन्ही पाळ्या कितीदा फिरून जातात. मार्कच हवे असतील तर तुलना बदला: फिरत्या पाळीतल्या कामगारांची मुलं आणि जनरल पाळीतल्यांची, म्हणजे वर्कशॉप नि ऑफिसवाल्यांची. मग नववीचे मार्क हाताशी धरून दहावीत कोण किती वर-खाली गेलं ते बघा. नुसते दहावीचे मार्क घेतलेत तर आधीपासून हुशार कोण होतं एवढंच मोजाल.

परवानगीला वेळ लागतो, म्हणून ती पहिल्या दिवशीच सुरू करा. खाणीसाठी कॉलेजचं पत्र क्षेत्रीय कार्यालयाच्या कार्मिक विभागात जातं. इथल्या खाणी चालवणाऱ्या वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कंपनीचं मुख्यालय नागपूरला, पण क्षेत्रांची कार्यालयं वेगवेगळ्या गावी आहेत. वणी क्षेत्राचं ऑफिस वणीतच असणार असं समजून पोट्टी इथेच शोधत बसतात, ते आहे चंद्रपूर जिल्ह्यात ताडाळीजवळ ऊर्जाग्रामला. निघायच्या आधी फोन करा. पत्रात 'उत्पादकता', 'गैरहजेरी' असले शब्द आले की फाईल अडते. खाणीकडून तुम्हाला हवं तरी काय? पाळ्यांच्या वेळा आणि पाळी बदलायची रीत. एवढंच मागा. कामगारांची वैयक्तिक हजेरी मागू नका, मिळणार नाही आणि मिळू पण नये.

शाळेचा रस्ता सोपा आहे. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र, खासगी असेल तर संस्था आणि मुख्याध्यापक. मुलं १८ वर्षांखालची, म्हणून पालकांची लेखी संमती घ्यायचीच, आणि मुलाला पण विचारायचं. हजेरीपटाचे मोबाइलवर फोटो काढू नका. वर्गशिक्षकांच्या समोर बसून आकडे उतरवा, नावाऐवजी क्रमांक टाका, आणि क्रमांक-नावांची यादी वेगळ्या वहीत कुलपात ठेवा. खाणीतल्या कोणी 'जरा आम्हाला पण दाखवा' म्हटलं तर नाही म्हणायचं. कोणता कामगार ड्युटी बुडवून घरी होता हे तुमच्या वहीतून बाहेर पडलं, तर पुढच्या वर्षीच्या पोट्ट्यांना त्या वस्तीत कोणी उभं करणार नाही.

वडिलांची पाळी कोणती होती हे कोणाला विचारायचं? आईला. 'गेल्या महिन्यात कोणती पाळी होती?' असं विचारलंत तर ऐनवेळी कोणालाच आठवत नाही. त्यापेक्षा दुधाचा हिशोब ज्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला जातो, त्याच कॅलेंडरवर रोज एक अक्षर टाकायला सांगा: प, दु, रा. सुटी असेल तर सु, आणि ओव्हरटाइम झाला तर शेजारी टिंब. दर दोन आठवड्यांनी जाऊन उतरवून घ्या. चहा होतो, गप्पा होतात, आणि पाच पर्यायांच्या प्रश्नावलीत कधी न येणारी माहिती तिथेच मिळते. ती पण त्याच दिवशी लिहून ठेवा.

बारा आठवडे पुरतात. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर प्रत्येक पाळीचे चार आठवडे येतात आणि सहा दिवसांची शाळा धरली तर प्रत्येक पाळीत २४ दिवस. समजा, एक मूल पहिल्या पाळीत २४ पैकी २२ दिवस आलं, म्हणजे ९२ टक्के, आणि रात्रपाळीत १९ दिवस, म्हणजे ७९ टक्के. फरक १३ टक्क्यांचा दिसतो, पण दिवस तीनच. एका तापात तीन दिवस जातात. म्हणून एका मुलाची गोष्ट सांगून भाग नाही, पन्नास-साठ मुलांच्या अशा आकड्यांच्या जोड्या हव्यात. शनिवारची सकाळची शाळा वेगळ्या रकान्यात टाका. रात्रपाळी संपवून बाप अजून रस्त्यात असतो आणि गाडीवर सोडायला घरी कोणी नसतं, तो घोटाळा याच दिवसाचा. मार्चनंतर उन्हामुळे रोजच सकाळची शाळा होते, तेव्हा ते महिने यात मिसळू नका.

नमुना किती घ्यायचा म्हटलं की सगळे क्रेजसी आणि मॉर्गन यांचा १९७० चा तक्ता चिकटवतात: एकूण माणसं ३०० असतील तर नमुना १६९, ५०० ला २१७, १००० ला २७८. तो तक्ता वाईट नाही, पण तो मोठ्या समूहातलं प्रमाण अंदाजण्यासाठी आहे. आपण जोड्यांची तुलना करतोय. घाईत भरलेल्या २७८ कागदांपेक्षा साठ मुलांचे पुरे बारा आठवडे मला हवेत. बाहेरून आलेले परीक्षक विचारतील 'सॅम्पल एवढाच का?', तेव्हा हेच सांगा आणि घाबरू नका.

कायम कामगार आणि ठेकेदाराकडचे यांना एका पिशवीत भरू नका. कोळशावरची माती काढायचं काम बरंचसं ठेक्यावर चालतं. तिथल्या कित्येक ड्रायव्हरांची घरं परराज्यात, काहींची मुलं गावीच राहतात, पगार वेगळा, क्वार्टर नाही, ठेका संपला की बदली नाही तर नोकरीच संपते. त्यांचा अभ्यास जरूर करा, पण वेगळा गट म्हणून. आणि त्यांना ठेकेदाराच्या माणसासमोर काहीही विचारू नका.

दुसरी कारणं शोधायची सवय लावा, इथेच प्रकल्प तरतो नाही तर बुडतो. आपल्याकडे कापूस वेचणीला लागला की वर्ग ओस पडतो, त्याचा पाळीशी संबंध नाही. कित्येक कामगारांच्या घरी शेती आहेच. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की एसटी येत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तेव्हा शाळा सुरू असली तरी लहान पोरं मनानं तिथे नसतात. म्हणून बारा आठवड्यांच्या तक्त्यात एक रकाना 'त्या आठवड्यात काय झालं' असा ठेवा: वेचणी, पूर, लग्न, साथ, संप. मूल शाळेत कसं येतं हेही एकदा विचारा. मुलींना एसटीचा मोफत पास असला तरी गाडीच आली नाही तर पासचं काय करणार? घुग्गुस रोडवर कोळशाच्या ट्रकांची रांग लागली की सायकलवरच्या पोरीला आई घरीच ठेवते. तो दिवस बापाच्या खात्यात मांडू नका.

मोठ्यांसाठी प्रश्न थोडे ठेवा आणि घटना विचारा, मत नाही. 'आपण कार्यस्थळाच्या वातावरणाबाबत समाधानी आहात काय?' याला उत्तर 'हो' येतं. 'काल ड्युटीवरून आल्यावर किती तास झोप झाली?' याला आकडा येतो, आणि आकड्याच्या मागून तक्रार आपोआप येते. तेलुगू नि हिंदी बोलणारी घरं बरीच आहेत, सोबत त्यांच्यातलं कोणी घ्या.

विश्लेषणाला फार डोकं लागत नाही. प्रत्येक मुलाच्या दोन टक्केवाऱ्या, त्यांतला फरक, त्या फरकांवर जोडीची टी-चाचणी (फरक नुसत्या योगायोगाचा आहे का ते बघायला). फरक फार वेडेवाकडे पसरले असतील तर विल्कॉक्सनची चाचणी. जामोवी किंवा जास्प ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, दोन्हींत हे होतं. कोणत्या दोन पाळ्यांची तुलना करणार हे माहिती गोळा करायच्या आधी लिहून मला द्यायचं. नंतर दहा तुलना करून जी जमली ती दाखवायची, हे मी चालू देत नाही. फरक निघालाच नाही तर तसंच लिहा, त्याचे मार्क कापले जात नाहीत.

पूर्वसंशोधनाच्या प्रकरणात सगळे अमेरिकेतल्या हॉथॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांवरच्या प्रयोगांपासून सुरू करतात. अरे, व्यवस्थापनशास्त्राचा एक मोठा विचार चक्क कोळसा खाणीतून आला आहे. एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफोर्थ यांनी इंग्लंडमधल्या खाणींवर १९५१ मध्ये लेख लिहिला, त्यातला बॅमफोर्थ स्वतः खाणीत काम केलेला माणूस. पूर्वी लहान टोळ्या आपली माणसं आपणच निवडून सगळं काम मिळून करायच्या. नवी यंत्रं आली तशी कामं तोडून तीन पाळ्यांत वाटली गेली, एका पाळीनं राहिलेलं दुसरीनं निस्तरायचं, आणि गैरहजेरी नि कुरबुर वाढली. यंत्राबरोबर माणसांची बांधणीही बघावी लागते, हा सामाजिक-तांत्रिक विचार तिथून पुढे आला. उकणी, निलजई या खाणींकडच्या पोट्ट्यांना हे वाचायला सांगितलं की ते म्हणतात, 'मॅडम, आमच्या घरचंच लिहिलंय.' भारतातले प्रबंध शोधगंगा या वेबसाइटवर चाळा. पण चाळा म्हणजे उचला नव्हे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या उचलेगिरीविरोधी नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे पायऱ्या चढत जातात.

मांडणी आपापल्या विद्यापीठाच्या नमुन्याप्रमाणे करा. वणी अमरावती विद्यापीठात येते, नदीपलीकडचा चंद्रपूर जिल्हा गोंडवाना विद्यापीठात. राजुऱ्याच्या मित्राचं मुखपृष्ठ उतरवून आणलंत तर बाइंडिंग परत करावं लागेल.

बाइंडिंगला टाकायच्या आधी एक पान मराठीत टाइप करा: काय विचारलं, काय दिसलं, कोणाचंही नाव नाही. त्याची एक प्रत मुख्याध्यापकांना आणि एकेक प्रत कॅलेंडर भरणाऱ्या आयांना. झेरॉक्सला दोन-तीनशे रुपये जातील, ते प्रकल्पाच्या खर्चात आधीच धरा.