हा लाँग बेला ग्रुपने जाताय? आधी रूट ठरवा, बोट नंतर

व्हिएतनाम सध्या सगळ्यांच्याच लिस्टवर आलंय, आणि ग्रुपमध्ये कोणी हा लाँग बे या तिथल्या चुनखडीच्या उंच बेटांनी भरलेल्या खाडीचा फोटो टाकला की लगेच सगळे क्रूझचा डेक, बाथटब, बफे असलं बघायला लागतात. माझं म्हणणं एकच आहे, बोट शेवटी निवडा. आधी विचारा ती जाते कुठे, कुठल्या गुहेपाशी थांबते, आणि खाली उतरून वल्हं मारायला वेळ किती देते, कारण तिथली खरी मजा पाण्याच्या लेव्हलला बसून त्या कड्यांच्या खालून जाण्यात आहे, डेकवरून ती निम्मीसुद्धा कळत नाही.

आधी नकाशा समजून घ्या. मधे हा लाँग बे, ईशान्येला बाय तू लाँग, दक्षिणेला कॅट बा बेटाला लागून लान हा बे. हा लाँगला 1994 मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाला, 2023 मध्ये कॅट बाचा द्वीपसमूहही त्यात आला. नावं तीन असली तरी समुद्र एकच आहे आणि बेटं तशीच, फरक आहे तो गर्दीचा. हा लाँगमध्ये बोटींना नंबरचे रूट ठरलेले असतात. एका रूटवर थिएन कुंग आणि दाऊ गो गुहा, दुसऱ्यावर सुंग सोट, तितॉप बेट आणि हाँग लुओन. एकच दिवस असेल तर दुसरा घ्या. सुंग सोट खूप मोठी आहे, आत दालनामागून दालन लागतं, फक्त पायऱ्या बऱ्याच आहेत आणि ओल्या असतात त्यामुळे चपला नकोत, ग्रिपवाले बूट घाला. तितॉपवर वर चढून गेलात की सगळी खाडी एका नजरेत दिसते (हे नाव सोव्हिएत अंतराळवीर गेर्मान तितोव्हवरून पडलंय, तो 1962 मध्ये हो ची मिन्हबरोबर इथे आला होता). दाऊ गोची गोष्ट वेगळी, 1288 मध्ये मंगोल आरमार अडवायला नदीत जे टोकदार लाकडी खांब रोवले ते इथे साठवले होते असं सांगतात.

पण तुम्ही सहा-आठ जण असाल आणि दोन मुक्काम जमत असतील तर हनोईहून एका दिवसाची टूर करूच नका. जाऊन-येऊन पाच तास बसमध्ये जातात, वर सगळ्या बोटी एकाच वेळी त्याच गुहेपाशी. त्यापेक्षा सरळ कॅट बा गावात राहा आणि बेओ जेट्टीवरून अख्खी छोटी बोट दिवसभरासाठी ठरवा, कयाकसकट (वल्ह्याने चालवायची छोटी निमुळती होडी). माणशी वाटून घेतली की परवडते आणि कुठे किती थांबायचं ते कॅप्टनशी बोलून आपलं आपल्याला ठरवता येतं. लान हा मध्ये डार्क अँड ब्राइट केव्ह नक्की सांगा, कयाकने खडकाच्या खालून बुटक्या बोगद्यातून जायचं आणि पलीकडे चारी बाजूंनी कडे असलेलं शांत तळं. तिथे स्पीकर लावू नका प्लीज. कॅट बाची लंगूर माकडं जगात दुसरीकडे कुठेच नाहीत आणि उरलीत पण अगदी थोडी, ती याच कड्यांवर राहतात.

आता भरती-ओहोटी, हे नीट वाचा कारण यावरच गुहा अवलंबून आहेत. आपल्या कोकणात दिवसातून दोनदा भरती येते, तिथे टोंकिनच्या आखातात बहुतेक दिवस एकदाच भरती आणि एकदाच ओहोटी, आणि काही दिवशी फरक तीन-साडेतीन मीटरपर्यंत जातो. त्यात आपलं अमावस्या-पौर्णिमेचं उधाणाचं गणित पण तिथे लागू पडत नाही, चंद्र विषुववृत्तापासून जास्तीत जास्त उत्तरेला किंवा दक्षिणेला असतो तेव्हा तिथे मोठी भरती येते. म्हणून तिथी बघत बसू नका, टाइड टेबलमध्ये (भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता) होन दाऊ हे भरती मोजायचं स्टेशन शोधा आणि आपल्या तारखेची वेळ बघा. पाणी फार चढलं की बुटक्या बोगद्यात डोकं आपटतं किंवा जाताच येत नाही, फार उतरलं की कयाकचा तळ खडकाला घासतो, त्यामुळे मधली वेळ सगळ्यात चांगली. आणि ओहोटीला बेटांच्या पायथ्याकडे बघाच, पाण्याने खडक आत आत खाल्लेला दिसतो. सह्याद्रीचा बेसाल्ट पाण्यात असा विरघळत नाही, म्हणून आपल्या घारापुरीच्या लेण्या माणसांनी कोरल्या, इथे 25 कोटी वर्षांहून जुन्या चुनखडीत पाण्यानेच दालनं केलीत.

कधी जायचं? ऑक्टोबर-नोव्हेंबर बेस्ट, एप्रिल पण चालतो. जानेवारी ते मार्च धुकं आणि भुरभुर, थंडीही बऱ्यापैकी, जॅकेट लागतं. जून ते सप्टेंबर वादळांचा सीझन आणि तो हलक्यात घेऊ नका, जुलै 2025 मध्ये अचानक आलेल्या वादळात तिथे एक टुरिस्ट बोट उलटली आणि तीसहून जास्त लोक गेले. लाइफ जॅकेट कयाकमध्ये तर घालाच, छोट्या बोटीत पण काढू नका. आकाश काळं झालं की आत केबिनमध्ये न बसता जॅकेट घालून बाहेर पडायच्या वाटेजवळ थांबा. पोहता न येणाऱ्याला येणाऱ्याबरोबर एका कयाकमध्ये बसवा, आणि बिअर प्यायलेल्याला त्या दिवशी कयाक नाही, मित्र कितीही जवळचा असो.

सामान थोडंच. ड्राय बॅग, हेडलॅम्प, पासपोर्ट (बोटीवर नोंदणीला लागतो), रोख डाँग (तिथलं चलन). दोन लाख डाँगच्या नोटेवर याच खाडीतलं धूपदाणीसारखं बेट छापलंय, ते समोर आलं की नोट धरून फोटो काढा. एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर हा लाँगच्या बोटींमध्ये 2019 पासून बंदी आहे म्हणून स्टीलची बाटली न्या. व्हेज असाल तर बुकिंग करतानाच लिहून द्या आणि फिश सॉस नको हे वेगळं सांगा, भाजीत पण घालतात. ई-व्हिसा 25 डॉलरचा, सरकारी साइटवरूनच काढा.

पैसे भरायच्या आधी एवढं विचारा की हवामानामुळे बंदर बंद झालं तर पूर्ण रिफंड मिळतो की फक्त तारीख बदलून देतात. हे तिथे होतंच अधूनमधून, म्हणून बोटीवरून उतराल त्याच दिवशीची मुंबईची फ्लाइट घेऊ नका, हनोईत एक रात्र मोकळी ठेवा.